केसपेपरवर एक ओळ माणसासाठी ठेवा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात दर आठ-पंधरा दिवसाला एक बातमी ठरलेली असते, अमुक रुग्णालयात नवीन सोनोग्राफी मशीन आलं, तमुक ठिकाणी डायलिसिसचे बेड वाढले, पालकमंत्र्यांनी फीत कापली. चांगलंच आहे, मशीनी यायलाच पाहिजेत, मराठवाड्याला आजपर्यंत सगळंच उशिरा मिळालंय. पण मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यासमोर मेडिकल चालवतो, आणि काउंटरच्या या बाजूनं एक गोष्ट रोज दिसते जी फीत कापणाऱ्याला तर दिसत नाहीच पण बऱ्याचदा डॉक्टरला पण दिसत नाही. लिहून दिलेली गोळी माणूस खरंच घेतो का नाही ते. डॉक्टरला वाटतं घेतो. आम्हाला माहित असतं की नाही घेत, कारण तो पुढच्या महिन्यात चिठ्ठी घेऊन येतो आन् म्हणतो, भाऊ ही तिसऱ्या नंबरची राहू द्या, बाकीच्या द्या.

कामून राहू द्यायची म्हणलं की जे उत्तर येतं ते कुठल्याच केसपेपरवर लिहिलेलं नसतं.

एक मावशी आहेत, आधी ऊसतोडीला जायच्या, आता गुडघ्यामुळं थांबल्या आन् सुनेसोबत गावातच खुरपायला जातात. बीपीच्या गोळ्यांत त्यांना एक पाण्याची गोळी होती, म्हणजे लघवी जास्त होऊन अंगातलं पाणी कमी करणारी, सकाळी घ्यायची. ती घेतली की दोन-तीन तास सारखं सारखं जावं लागतं. आता रानात बाईमाणसानं जायचं कुठं, आजूबाजूला गडी कामाला, ऊस किंवा तूर उभी असली तर आडोसा तरी मिळतो, सोयाबीनमध्ये तेबी नाही. मग मावशी ती गोळी घरी एका डब्यात साठवून ठेवायच्या, टाकून द्यायला जीव होत नाही म्हणून, आणि इकडं बीपी खाली येईना म्हणून डॉक्टरनं अजून एक गोळी वाढवली, त्या नव्या गोळीनं पाय सुजले. सगळी गाडी अशी उलट्या दिशेनं चाललेली आणि कुणाचं काही चुकलेलं पण नाही, डॉक्टरनं पुस्तकाप्रमाणं बरोबर दिलं होतं आणि मावशीला ते सगळ्या रांगेसमोर सांगायची लाज वाटत होती. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं की बाई, तुमचा दिवस जातो कसा. मी चिठ्ठीच्या पाठीमागं दोन ओळी लिहून परत पाठवलं, डॉक्टर समजदार होते, त्यांनी ती गोळी बंद करून दुसरी दिली. आता बीपी जाग्यावर आहे.

शुगरचं असंच. जेवणाआधीची गोळी असते ना, ग्लिमेपिराइड, ती घेऊन पोटात अन्न नाही गेलं तर शुगर एकदम खाली जाते, दरदरून घाम, हातपाय थरथर. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं सकाळी नाश्त्याआधी. साहेब, नाश्ता कोण करतंय. आमच्याकडं कोरा चहा पिऊन माणूस कामावर जातं आन् भाकरी सोडायची वेळ अकरा-बारा. एक-दोनदा चक्कर येऊन पडला की तो म्हणतो ही गोळी मला सोसत नाही, आन् सगळंच सोडतो, गोळी पण आन् डॉक्टर पण. नाश्ता या एका शब्दाच्या जागी "पहिल्या भाकरीच्या आधी" असं लिहिलं असतं तर बहुतेकांचं भागलं असतं, पण त्यासाठी पहिली भाकरी कधी होते ते विचारावं लागतं.

डाएट चार्टवर तर मी स्वतंत्र पत्र लिहू शकतो. छापील कागद असतो, त्याच्यावर ओट्स, ब्राउन राइस, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल. केज-धारूरच्या वाडीतल्या आजीला तो कागद दिला की ती त्याची घडी घालून पोथीत ठेवते. ज्या घरात रेशनवर गहू-तांदूळ फुकट येतो आणि ज्वारी मात्र दुकानातनं विकत आणावी लागते त्या घरातल्या शुगरवाल्याला तुम्ही भात कमी करा म्हणून सांगताय तर त्यानं खायचं काय, याचा हिशोब कुणीतरी त्याच्यासोबत बसून करायला पाहिजे. अर्धी ज्वारी अर्धा गहू, भाताच्या जागी एक वाटी जास्त वरण, मेथी-चवळीची भाजी, उपासाच्या दिवशी साबुदाण्याच्या जागी भगर आन् तीबी मोजून, असं काहीतरी निघतंच, पण ते त्या घरातल्या डब्यांतनं निघतं, छापील कागदातनं नाही निघत. आमच्याकडं एक चाचा येतात, इन्सुलिनवर आहेत. रमजानच्या आधी ते डॉक्टरला विचारायला गेले की रोजा धरला तर सुई कशी घ्यायची, तर तिथनं रागावून परत आले, रोजे धरायचेच नाहीत, विषय संपला. चाचांनी रोजे धरले आणि सुई बंद केली. दुसऱ्या एका डॉक्टरनं पुढच्या वर्षी त्यांना महिनाभर आधी बोलावलं, सेहरी-इफ्तारच्या वेळेप्रमाणं डोस बदलून दिले आणि सरळ सांगितलं की शुगर सत्तरच्या खाली गेली तर रोजा सोडायचा, कसं, कबूल? चाचा कबूल झाले. डॉक्टरनं धर्माची बाजू घेतली नाही आणि औषधाची पण सोडली नाही, माणसाचं ऐकून घेतलं आन् स्वतःचं त्याला ऐकायला लावलं.

आता हे जे मी सांगतोय त्याला बाहेर मोठं नाव आहे, व्यक्तिकेंद्री आरोग्यसेवा. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं, एनएचएसनं, जानेवारी २०१९ मध्ये याचा एक अख्खा कार्यक्रमच काढला आणि २०२३-२४ पर्यंत २५ लाख लोकांपर्यंत तो न्यायचं ठरवलं. त्यात काय काय आहे, तर उपचाराचा निर्णय रुग्णाला सोबत बसवून घ्यायचा, त्याच्या काळजीचा आराखडा त्याच्याशी बोलून लेखी करायचा, एकट्या पडलेल्या माणसाला गोळीसोबत एखाद्या मंडळाशी, बागकामाशी, चालायच्या ग्रुपशी जोडून द्यायचं आणि त्यासाठी दवाखान्यात वेगळा माणूस नेमायचा. आणि काही लोकांना तर त्यांच्या काळजीवर सरकार जे पैसे खर्च करणार त्याचं बजेटच त्यांच्या हातात, की बाबा तूच ठरव मदतनीस कोण ठेवायचा. ज्यांना रुग्णालयाबाहेर कायमची मोठी शुश्रूषा लागते अशांना तिथं ऑक्टोबर २०१४ पासून हे बजेट मिळायचा हक्क आहे आणि डिसेंबर २०१९ पासून व्हीलचेअर लागणाऱ्यांना पण. तिकडं सगळं गोड आहे असं बिलकुल नाही, तिथंही ऑपरेशनला रांगा आहेत, नर्स कमी आहेत, आणि बजेट हातात देऊन सरकार हात झटकतं अशी बोंब तिथले लोक पण मारतात. पण निदान विचारायचं असतं हे तिथं कागदावर आलंय.

हे वाचून कुणी म्हणंल की ही गोऱ्या साहेबाची चैन आहे, आपल्याकडं आधी डॉक्टर तर मिळू द्या. त्यांना मी म्हणतो आमच्या जिल्ह्याची शीव ओलांडून जामखेडला जाऊन या. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथं आले तेव्हा त्यांनी लोकांना आधी विचारलं की तुम्हाला काय पाहिजे, लोक म्हणाले पाणी पाहिजे, खायला पाहिजे. दवाखाना लोकांच्या यादीत वर नव्हताच. मग त्यांनी तिथनंच सुरुवात केली, आणि गावातल्याच बायका, त्यातल्या कित्येक अंगठेबहाद्दर, दलित, टाकलेल्या, अशांना आरोग्याचं शिकवून गावाची जबाबदारी दिली. १९७९ ला त्या दोघांना मॅगसेसे मिळाला, जगभरचे लोक अजून शिकायला येतात. तुळजापूर तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारींच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं पण अशाच गावच्या बायकांना भारतवैद्य म्हणून उभं केलं. म्हणजे इंग्लंडनं २०१९ ला जे कागदावर आणलं ते आमच्या शेजारच्या माणसांनी त्याच्या किती आधी बिनपैशाच्या गावात करून दाखवलं होतं. दीड-दोन तासाच्या अंतरावरचं उदाहरण आपण शिकलो नाही हा वेगळा विषय.

आणि न विचारण्याची किंमत काय असते हे तर बीड जिल्ह्याइतकं महाराष्ट्रात कुणालाच माहित नसंल. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनचा विषय २०१९ ला देशभर गाजला, नीलम गोऱ्हे ताईंच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, जिल्ह्यात ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा बायांमागं एक. त्यानंतर नियम कडक झाले, खासगी दवाखान्याला आता सरकारी परवानगीशिवाय असं ऑपरेशन करता येत नाही, ते बरंच झालं. पण त्यावेळी टीव्हीवर बऱ्याच जणांचा एक मुद्दा असायचा तो मला अजून सलतो, की बायका स्वतःच मागायला येत होत्या, आम्ही काय करणार.

खरंय, मागायला येत होत्या. माझ्या काउंटरवर पण विचारायच्या, भाऊ पिशवी काढायला किती लागतात. आता ही मागणी आली कुठून ते बघा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडनं उचल घेतलेली, एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जाणार. पाळीत पोट दुखतंय तरी मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचं, कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, ना पाणी ना आडोसा. अंगावरून पांढरं जायला लागलं की पहिली भीती कॅन्सरची, आणि ती भीती घालणारे पण होतेच. मग ती बाई हिशोब करती की लेकरं झालीत, आता ही पिशवी काय कामाची, काढून टाकली की दर महिन्याची कटकट संपली, खाडा संपला. तिच्या जागेवरनं तो हिशोब चुकीचा म्हणता येत नाही. पण तिला कुणी सांगितलं का की पांढरं जाणं बऱ्याचदा साध्या इन्फेक्शननं असतं आणि आठवडाभराच्या स्वस्त गोळ्यांनी थांबतं, नवऱ्याला पण त्याच गोळ्या द्याव्या लागतात कधी कधी? की पिशवीसोबत अंडाशय पण काढलं तर तिशीतच म्हातारपण सुरू होतं, हाडं ठिसूळ होतात, कंबर जाते, आणि कंबर गेली की कोयता कसला चालवणार? मी ज्यांना कॅल्शियमच्या आन् दुखण्याच्या गोळ्या देतो त्यातल्या बऱ्याच जणी अशाच आहेत, पस्तीस-चाळीशीच्या, चालताना साठीच्या वाटतात.

म्हणून मला वाटतं रुग्णाचं ऐकणं आणि रुग्ण मागंल ते देणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे नीट समजून घेतलं नाही तर व्यक्तिकेंद्री सेवेच्या नावाखाली उद्या कुणी पण काही पण कापंल. मागंल ते देणारे दवाखाने आमच्याकडं आधीच लई आहेत, सलाईन मागितलं की सलाईन, लाल रंगाचं मागितलं की त्यात व्हिटॅमिनची सुई टाकून लाल, पेशंट खुश. इंग्लंडमध्ये रुग्णांनीच डॉक्टरला चार गोष्टी विचाराव्यात असं शिकवतात, याचा फायदा काय, धोका काय, दुसरा उपाय कोणता आहे, आणि काहीच नाही केलं तर काय होईल. हे चार प्रश्न आमच्या तांड्यावरच्या, वस्तीवरच्या बायकांना दसऱ्याला गाड्या निघायच्या आधी कुणी पाठ करून घेतले असते तर त्या १३ हजारांतल्या किती वाचल्या असत्या. चौथा प्रश्न सगळ्यात भारी आहे, काहीच नाही केलं तर. आमच्याकडं तो विचारायचा म्हणजे डॉक्टरवर अविश्वास दाखवल्यासारखं समजतात.

म्हाताऱ्या माणसांचं तर विचारूच नका. आमच्या भागातल्या कुठल्याही गावात जा, पोरं पुण्याला, चाकणला, हिंजवडीला, आणि घरात दोन म्हातारी माणसं किंवा एकच. पोरं वाईट नाहीत, पैसे पाठवतात, फोन करतात, पडलं-झडलं तर संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात नेतात. पण तिथनं घरी येताना त्या माणसाचं काय होतं बघा. आमच्या गल्लीतले एक नाना, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर घेऊन चार पावलं टाकत होते. दवाखान्यात त्यांना डायपर लावला कारण दर वेळी उठवून संडासला न्यायला माणूस नाही. घरी आल्यावर ब्युरोकडनं बारा तासाचा मुलगा ठेवला, त्यानं पण डायपरच चालू ठेवला, सोपं पडतं. नाना दोन महिने कुणाशी बोलले नाहीत, जेवण कमी केलं, पाणी तर प्यायचेच नाहीत म्हणजे डायपर भिजू नये, सगळे म्हणायले डोक्यावर परिणाम झाला, न्यूरोवाल्याकडं न्या. त्यांची लेक परळीहून आली, शेजारी बसली आन् विचारलं, नाना तुम्हाला नेमकं काय पाहिजे. तर म्हणले मला संडासात नेऊन बसवा आन् संध्याकाळी पारावर नेऊन सोडा, बाकी तुम्ही म्हणाल ते करतो. कमोडची खुर्ची आणली, स्वस्तातली, भिंतीला दोन दांडे ठोकले, आन् त्या मुलाला सांगितलं की संध्याकाळी पाच ते सात नाना पारावर, पाऊस असला तर मारुतीच्या देवळात. न्यूरोवाल्याकडं जायची वेळ आलीच नाही.

हे असं लेकीनं विचारलं म्हणून झालं, ज्याला लेक नाही त्यानं काय करायचं. सरकारी योजना आहेत ना, श्रावणबाळ आहे, संजय गांधी निराधार आहे, महिन्याला १५०० रुपये. त्या पैशानं कित्येकांची चूल चालू आहे, त्याची टिंगल करणाऱ्यांपैकी मी नाही. पण ते मिळवताना म्हाताऱ्या माणसाला काय काय विचारतात, वर्षाचं उत्पन्न २१ हजाराच्या आत आहे का, आधार लिंक आहे का, हयातीचा दाखला कुठाय, अंगठा मशीनवर का उमटत नाही. आयुष्यभर खुरपं धरून रेषा घासून गेल्यात म्हणून उमटत नाही साहेब. एवढं सगळं विचारतात आणि एकही माणूस हे विचारत नाही की आजी दिसतं का नीट, रात्री उठायची भीती वाटते का, दिवसात कुणाशी बोलणं होतं का. एकाच वेळी सगळे कागद बघणारं ऑफिस आणि तेच ऑफिस तालुक्याला, जिथं यायलाच आजीला अर्धा दिवस लागतो, ७५ च्या पुढं एसटी फुकट झाली म्हणून निदान तिकीट तरी वाचलं.

शेवटच्या दिवसांचं पण बोलायला पाहिजे, कुणाला अशुभ वाटलं तरी. आयसीयूच्या बाहेर व्हरांड्यात भाऊ-भाऊ, जावई, चुलते उभे राहून ठरवतात की व्हेंटिलेटर लावायचा का घरी न्यायचं, एक जण म्हणतो लोक काय म्हणतील, दुसरा म्हणतो अजून दोन लाख लागू द्या, आणि ज्याच्या नाकात नळी जाणार आहे त्याला शुद्धीत असताना कधी कुणी विचारलेलं नसतं. शेवटी मला असले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचा अधिकार सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ ला मान्य केला, २०२३ ला ती पद्धत सोपी पण केली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मानसिक आजारासाठी तर २०१७ च्या कायद्यातच आहे की उद्या माझा आजार बळावला तर मला कसे उपचार करावेत, कसे करू नयेत आणि माझ्या वतीनं कुणी बोलावं हे माणूस आधी लिहून ठेवू शकतो. माझ्या दुकानावर येणाऱ्यांपैकी हे कुणालाच माहित नव्हतं, मी सांगितलं तर एका जणानं विचारलं की वाटणीपत्रासारखं असतं का. एक रिक्षावाला पोरगा आहे, त्याला मानसिक आजारासाठी महिन्याला सुई असते, ती घेतली की चार दिवस अंग आखडतं आन् झोप येते, रिक्षा चालवता येत नाही, धंदा बुडतो, म्हणून तो सुईच चुकवतो आन् मग घरात तोडफोड. त्याला बरं व्हायचंच नाही असं सगळ्यांना वाटायचं. त्याला रिक्षा चालवायची होती फक्त. हे त्याच्या बहिणीनं डॉक्टरला सांगितलं तेव्हा कुठं डोस कमी-जास्त करून बघितला गेला.

दिव्यांगांच्या साहित्य वाटपाच्या शिबिराचं एक सांगतो आणि हा भाग संपवतो. रांगेत बसवतात, मापं घेतात म्हणतात, फोटो काढतात, तीनचाकी देतात. आमच्याकडच्या एका तांड्यावर जायला धड पायवाट नाही, चढ आहे, तिथल्या पोलिओ झालेल्या माणसाला अशी सायकल मिळाली. तो मागत होता कॅलिपरचा नवीन बूट, जुना झिजला होता, त्याच्यावर तो मजेत चालायचा. यादीत बूट नव्हता. सायकलवर आता कडब्याच्या पेंढ्या असतात.

मी ही गोष्ट डॉक्टर लोकांच्या विरोधात लिहीत नाहीये, उलट मला रोज दिसतं की एका डॉक्टरसमोर सकाळच्या ओपीडीत किती रांग असते, पेशंट बसायच्या आत पुढचा दारात. नियमाप्रमाणं ३० हजार लोकांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्यातल्या पण जागा रिकाम्या, तो कुणाकुणाला विचारत बसणार की तुमची भाकरी कधी होते. म्हणून हे काम डॉक्टरवर टाकायचंच नाही असं माझं म्हणणं आहे. उपकेंद्रावर आता समुदाय आरोग्य अधिकारी असतात, घरोघर आशाताई जातात, ३० वर्षांपुढच्या सगळ्यांचा एक फॉर्म त्या भरतातच, तंबाखू खाता का, दारू पिता का, कंबर किती. त्याच फॉर्मच्या खाली अजून दोन प्रश्न टाका. दिवसभरात तुम्ही काय काम करता आणि जेवता कधी. आणि या आजारामुळं तुमचं नेमकं काय अडलंय जे परत सुरू व्हावं वाटतं. कुणी म्हणंल वारीला जायचंय, कुणी म्हणंल नातवाला कडेवर घ्यायचंय, कुणी म्हणंल काही नाही, फक्त रात्री झोप लागू द्या. ते उत्तर केसपेपरच्या डोक्यावर लिहिलेलं पाहिजे, शुगर-बीपीच्या आकड्यांच्या वर, म्हणजे डॉक्टरचं पहिलं लक्ष तिथं जाईल आणि त्याला विचारायला वेळ नाही लागणार, वाचायला पाच सेकंद.

फक्त एक अट आहे, आशाताईंना हे फुकटात करायला लावू नका. त्यांच्यावर आधीच सगळ्या खात्यांचे सगळे सर्वे आहेत आणि कामागणिक मोबदला, तोबी वेळेवर नाही. विचारणं हे काम आहे, लसीकरणासारखंच मोजून त्याचे पैसे द्या, नाहीतर फॉर्मवर सगळ्यांच्या पुढं एकच उत्तर येईल, "समाधानी", आन् त्याची पण बातमी छापून येईल.

आणि आम्हा मेडिकलवाल्यांना पण धरा यात. सरकारनं आमच्याकडनं असं काही कधी मागितलंच नाही, पण गोळी कोण सोडतंय हे आमच्याइतकं कुणालाच माहित नसतं, अर्धी स्ट्रिप कापून नेणारा माणूस पैशामुळं नेतोय का गोळी सोसत नाही म्हणून नेतोय हे आम्ही दोन मिनिटात सांगू शकतो. पैशाचा प्रश्न असंल तर मी सरळ जनऔषधी केंद्राचा पत्ता देतो, त्यावरनं घरात पोरगा रोज भांडतो की पप्पा तुम्ही दुकान बंद करायच्याच नादात आहात. चिठ्ठीच्या पाठीमागं डॉक्टरला दोन ओळी लिहायची पद्धत अधिकृत करा म्हणजे नवीन डॉक्टर आला की आम्हाला भीत भीत लिहावं लागणार नाही, एकानं तर माझी चिठ्ठी परत पाठवली होती की मेडिकलवाल्यानं डॉक्टरकी करू नये.

केसपेपर नव्यानं छापायला मंजुरी लागते, टेंडर निघतं, वर्ष जातं, हे मला माहित आहे. तोपर्यंत आहे त्याच केसपेपरवर वरच्या कोऱ्या जागेत रबरी शिक्का मारता येतो, "काम काय, जेवण कधी, काय अडलंय" एवढाच. आमच्या ग्रामीण रुग्णालयात शुगर-बीपीची वेगळी ओपीडी आहे, तिथनं सुरुवात करता येईल. वैद्यकीय अधीक्षकांनी तोंडी होकार दिला तरी शिक्का आणि पॅड मी माझ्या खर्चानं करून देतो, बसस्टँडजवळचा शिक्केवाला दोन दिवसात देतो म्हणलाय.

आपला,
एक मेडिकल दुकानदार
जि. बीड
(नाव-पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे, कृपया छापू नये. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, कापायचं असल्यास डाएट चार्टचा भाग कापा, पिशवीचा नको.)